पुढचं डावं चाक

बाबा, आज तुमच्या गाडीचे टायर बदलले. चारही. रबर वरून चांगलं दिसत होतं, पण गाडी दोन उन्हाळे शेडखाली एकाच जागी उभी होती, आणि उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात आणि तसेच कडक होऊन बसतात. आईला आता ही गाडी चालवायची आहे. ती शिकली. इथल्याच ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीवर शिकली, पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या खेपेला साहेबालाच म्हणाली, "तुम्ही असे टकमक पाहून राह्यले तर कोणाची गाडी सरळ जाईन?" आणि पास झाली. तिला नाचणगावला माहेरी जायचं असतं, आणि दर वेळी कोणाच्या तरी मागे बसून जायचा तिला कंटाळा आला आहे. म्हणून मी रजा घेऊन आले. टायर हे कारण होतं. दुसरंही एक होतं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात त्या दुपारी डॅशबोर्डवरचं ते यंत्र वाजलं होतं, मी दिलेलं. ते वाजलं म्हणून तुम्ही उन्हात उतरलात. ते खरं वाजलं की खोटं, एवढाच प्रश्न मी तेव्हापासून जवळ बाळगून आहे, आणि उत्तर त्या टायरांतच असणार हे मला माहीत असूनही मी इतके दिवस त्यांना हात लावला नव्हता.

तुम्हाला ते यंत्र पहिल्यापासून पटलं नव्हतं, पण तुम्ही ते वापरलंत. माझी पहिली नोकरी, पुण्याजवळचा कारखाना, तिथे मी टायरमधला दाब मोजणारे सेन्सर तपासण्याच्या टेबलावर बसते. नव्या गाड्यांत ते चाकाच्या आत, रिमला बसवलेले येतात. तुमची गाडी जुनी, म्हणून मी बाहेरून लावायचा संच पाठवला: वॉल्व्हवर बसणाऱ्या चार काळ्या टोप्या आणि डॅशबोर्डवर ठेवायचा एक छोटा पडदा, उन्हावर चालणारा. पडद्यावर गाडीचं चित्र, चार कोपऱ्यांत चार आकडे, दाब आणि खाली बारीक अक्षरांत तापमान. फोनवर तुम्ही म्हणालात, "अंगठ्यानं दाबून पाह्यलं की समजते मले. तीस वर्षं झाले समजून राह्यलं." मी म्हटलं, ट्यूबलेस टायर अंगठ्याला खोटं सांगतो. त्यात खिळा घुसला तरी तो खिळ्याला धरून बसतो, हवा थेंबाथेंबाने जाते, दिसायला टायर तसाच फुगीर. आत दाब कमी झाला की प्रत्येक फेरीला रबर जास्त दुमडतं, दुमडलं की तापतं, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात सिमेंटचा रस्ता आधीच तापलेला असतो. मग एका क्षणी ते फाटतं, आणि तो क्षण बहुतेक वेळा वेगात असतानाचा असतो. डोळ्याला जे दिसत नाही आणि हाताला जे कळत नाही, ते सावकाश घडत असताना सांगणं, एवढंच त्या टोपीचं काम. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे हे टायरचं थर्मामीटर झालं. सांग, कुठी लावू?"

ती दुपार मला आवाजाच्या रूपात आठवते, कारण मी तिथे नव्हते. मी पुण्यात, कँटीनच्या बाहेर, कानाला फोन. तुम्ही बोरगावच्या घरासमोर, गाडीपाशी. मागे आईचा कुकर. मी म्हणतेय, टोपीवर बारीक आकडा आहे, एक म्हणजे पुढचं डावं, दोन पुढचं उजवं, तीन मागचं डावं, चार मागचं उजवं. तुम्ही म्हणताय, "आकडा लय बारीक आहे, चष्म्याबिगर दिसत नाई मले. तुह्या आईची नेलपॉलिश आणली, ठिपके मारतो. एकले एक, दोनले दोन." आई लांबून ओरडते, "माही लाल शिशी गाडीले लावून राह्यले का तुम्ही?" आणि तुम्ही म्हणता, "गाडीचं लगीन आहे." मग टोपी फिरवताना वॉल्व्हमधून येणारा तो छोटा फुस्स आवाज, एक, दोन, तीन, चार वेळा. मग तुम्ही आत बसलात, आणि पडद्यावर चार आकडे उगवले तेव्हा तुमचा आवाज बदलला. तेहेतीस, तेहेतीस, बत्तीस, तेहेतीस. कायम गैरहजर असलेलं मूलही हजर म्हणालं, असा काहीतरी आनंद त्या आवाजात होता.

तुम्ही पहिली ते चौथीचे मास्तर. नाचणगावच्या शाळेच्या अंगणात सकाळी कवायत असायची, आणि मी तिसरीत असेपर्यंत तुमच्याच रांगेत उभी असायचे. "उजवा हात वर" म्हणताना तुम्ही तुमचा डावा हात वर करायचात. आमच्याकडे तोंड करून उभे असायचात ना, म्हणून. लहान मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत, समोरचं पाहून करतात, म्हणून तुम्ही आरसा व्हायचात. सगळ्या वर्गाचा उजवा हात बरोबर वर जायचा आणि त्यात तुमचा एकट्याचा चुकीचा. इतकी वर्षं ते केल्यावर ती तुमची सवयच झाली. एकदा घरी जेवताना मी विचारलं होतं, "बाबा, तुमचा उजवा हात कोणता आहे?" तुम्ही घास थांबवून विचार केलात, खरोखर विचार केलात, आणि म्हणालात, "घरी हा. शाळेत तो." आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्याच शाळेतलं तुमचं एक रागावणंही मला आठवतं. तुम्ही मला रांजणात पाणी आहे का ते पाहून यायला पाठवलं. मी दारापर्यंत गेले, रोज भरतो तो आजही भरला असेल असं मनात म्हटलं, आणि परत येऊन सांगितलं, आहे. पाणी होतं. काठोकाठ होतं. तरी तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलंत, कारण खिडकीतून तुम्हाला दिसलं होतं की मी झाकण उचललं नाही. आवाज चढवला नव्हता. "पाहून सांगजो, माय. न पाहता सांगितलं तं खरं निंगालं तरी ते खोटंच." मला तेव्हा अन्याय वाटला. पुढे मी जे काही शिकले, जे काही तपासते आणि ज्यासाठी कारखान्यात माझ्याबद्दल थोडं वाईटही बोललं जातं, ते सगळं त्या एका वाक्याच्या आत बसतं.

आता त्या टोप्यांचं तुम्ही काय केलंत ते. मी दिलेली वस्तू म्हणून तुम्हाला ती चोरीला जाईल याची धास्ती. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर चारही टोप्या काढून घरात, रोज सकाळी पुन्हा चाकांना. मी सांगितलं की दर वेळी काढताना थोडी हवा जाते, आठवड्याभरात तुम्हीच टायर उतरवाल. तुम्ही म्हणालात, "तरीच. तुह्यं मशीन लागल्यापासून हवा कमी दाखवून राह्यलं." आणि काढत राहिलात. आईने आधी त्या एका स्टीलच्या डब्यात ठेवल्या, तेव्हा पडद्यावर चार रेघा यायच्या, कारण स्टीलमधून टोपीची रेडिओ लहर बाहेर पडत नाही. मग तिला तो डबा हळदीला हवा झाला, आणि टोप्या गेल्या लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत, ओट्याच्या वरच्या फळीवर. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेच शेड. तेव्हापासून गाडीतला पडदा स्वयंपाकघराशी बोलू लागला. नियमाप्रमाणे दाब नसताना टोप्यांनी झोपून जायला हवं. स्वस्त टोप्या झोपत नाहीत. दाब शून्य, शून्य, शून्य, शून्य, आणि खाली तापमान.

दिवाळीला मी आले होते तेव्हा तुम्ही मला संध्याकाळी गाडीत नेऊन बसवलंत. कुठे जायचं नव्हतं. काचा वर, बाहेर उजेड निळा होत चाललेला, शेडच्या पत्र्यावर एखादं पान पडल्याचा आवाज. तुम्ही पडद्याची पिपाणी बंद केलीत, त्यावर धुळीसाठी घातलेला तुमचा रुमाल उचललात आणि गप्प बसायची खूण केलीत. एकोणतीस. तीस. भिंतीपलीकडे तवा आदळला. एकतीस. तुम्ही कुजबुजलात, "भाकर टाकून राह्यली." चौतीसला पोचलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आता फोडणी, आणि भिंतीतून खरंच मोहरीचा वास आला. चित्रातल्या गाडीच्या चारही चाकांत आईचं स्वयंपाकघर फिरत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मला आठवतं की मला काहीतरी तांत्रिक बोलायचं होतं, आणि मी बोलले नाही. अजून कधी कधी स्वप्नात आपण दोघं तसेच बसलेले असतो, काचेपलीकडे देवळीचा रस्ता सरकत असतो, आणि पडद्यावरचा आकडा एकेक करून चढत असतो. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आई म्हणाली, "बापलेकी मिळून माह्यावर पाळत ठेवून राह्यले का? उतरा, जेवा." तुम्ही म्हणालात, "मागचं चाक तापलं."

आता ती दुपार. मला ती आईकडून मिळाली, तुकड्यातुकड्याने, कधी भाजी निवडताना, कधी फोनवर मध्येच. पुलगावला तुमच्या मित्राच्या मुलीचा मंगल परिणय होता. जेवणं उशिरा झाली. तुम्ही दोघं परत निघालात तेव्हा ऊन असं होतं की रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसत होतं आणि गाडी जवळ गेली की ते आणखी पुढे सरकत होतं. नाचणगाव मागे पडलं, आणि देवळीच्या अलीकडे ते वाजलं. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पुढचं डावं दाखवून राह्यलं." गाडी डाव्या अंगाला, एका कडुनिंबाच्या विरळ सावलीत घेतलीत. आई म्हणाली, "घर आलंच की. काऊन उतरता आता उन्हात?" तुम्ही म्हणालात, "पोरीनं दिलं आहे. वाजलं तं पाह्यलं पाह्यजे." उतरलात. बॉनेटपुढून वळसा घालून तिच्या बाजूला आलात. तिच्या दाराशेजारच्या चाकापाशी वाकलात, अंगठा दाबलात, आणि म्हणालात, "याच्यात तं हवा आहे." मग तिथेच, मातीत, चाकाला पाठ टेकून बसलात. आई दार उघडून खाली आली. "काऊन बसले?" "बसतो जरा." तिने तुमचं डोकं मांडीवर घेतलं. पदर ओला करून कपाळावर ठेवला. तुम्ही तिच्याकडे पाहत होतात, असं ती म्हणते. मागून येणारी एक जीप थांबली, पण तोवर सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. गाडीत बसून असतात तरी झालंच असतं. उलट चालत्या गाडीत झालं असतं तर बाईही राहिल्या नसत्या. दहाव्याच्या आतच ही गोष्ट सगळीकडे पोचली, की पोरीच्या मशीनने आई वाचवली. लोक माझ्याकडे पाहून मान हलवायचे. मला ते मानता यायचं नाही. कारण चाकाबद्दलचं तुमचं शेवटचं वाक्य माझ्याकडे होतं. याच्यात हवा आहे. तुम्ही पाहून सांगणारे माणूस. हात लावून, अंगठा दाबून सांगितलंत. म्हणजे टायर बरोबर होता आणि टोपी खोटं बोलली. खोट्या इशाऱ्याने भलं झालं तर तो योगायोग, त्याला उपयोग म्हणत नाहीत. आमच्या टेबलावर असा सेन्सर नापासांच्या लाल पेटीत जातो. आणि आईच्या मनात काय होतं ते मला त्याच आठवड्यात कळलं. तिने पडद्यावर तुमचा रुमाल घातला तो पुन्हा काढला नाही. एकदाच म्हणाली, "हवा होती त्याच्यात. उगाच उतरवलं उन्हात त्याईले." मग दुसऱ्या दिवशी, जणू वेगळंच काही सांगतेय अशी, "पण माह्या बाजूले आले ते. बरं नसन वाटून राह्यलं, तं माह्याकडे आले." या दोन वाक्यांवर ती तेव्हापासून आहे. पहिल्यामुळे माझ्यावर थोडा राग, दुसऱ्याच्या आधारावर जगणं.

आणखी एक गोष्ट, जी तिने सांगितली नाही, मी पाहिली. तुम्हाला आणलं त्या रात्री उशिरा मी पुण्याहून विमानाने पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, सतरंज्या अंगणापर्यंत आल्या होत्या. तुमच्या शाळेतल्या एका सरांनी गाडी आणून शेडमध्ये लावली होती. आई उठली. कोणाला वाटलं तिला पाणी हवं, कोणी धरायला गेलं. ती सरळ शेडमध्ये गेली, गाडीभोवती फिरून चारही टोप्या काढल्या आणि बरणीत टाकून आली. परत तुमच्याजवळ येऊन बसली. तेव्हापासून टोप्या तिथेच होत्या, आणि गाडीतली हवा हळूहळू, सगळ्याच चाकांतून, कमी होत गेली, त्यामुळे कुठल्या चाकाचं काय होतं ते सांगणारा आकडाही उरला नाही.

आज सकाळी हवा मारून मी गाडी रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात नेली. दुकानदार जाडजूड, बोलका. मी जॅकजवळ उभी राहिले तेव्हा म्हणाला, "ताई, बसा न खुर्चीवर. आम्ही चोरत नाई टायर, विकतो." मी म्हटलं, मला पाहायचं आहे. "पाहा मग. इंजिनिअर आहा का?" "हो." "मंग नायट्रोजन मारून देऊ? थंडा राह्यते टायर." मी म्हटलं, साध्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो. तो हसला. "असन ताई. पण आमच्या नायट्रोजनले नळी अलग आहे." त्याने आधी पुढचं डावं चाक काढलं, मी सांगितलं म्हणून. ते पाण्यात बुडवून दाबायला लावलं, मग टायर रिमवरून उतरवून मी आतून बाहेरून हात फिरवला. काही नाही. एक बुडबुडा नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच, बरोबर होतं ते. मला वाटलं, संपलं. दोन वर्षं जे मानत आले ते आता पाहूनही झालं. मी खुर्चीवर जाऊन बसले, आणि ऊन फार होतं म्हणून असेल, मला त्याचं पुढचं बोलणं लांबून ऐकू आलं. "ताई, इकडं पाहा. खिळा."

पुढच्या उजव्या चाकात होता. जुना, गंजलेला, डोकं झिजून चकचकीत झालेलं. पाण्यात धरलं तेव्हा त्याच्या कडेने एक बुडबुडा आला, थांबला, मग दुसरा. अगदी सावकाश जाणारी हवा. "लय दिवसाचा आहे," तो म्हणाला, "हा काही आजचा नाई." मग त्याने ओल्या फडक्याने रिम पुसली, नवा टायर चढवायला, आणि वॉल्व्हच्या भोकाशेजारी मातीखालून एक लाल ठिपका वर आला. नेलपॉलिशचा. एकच. मला ठाऊक नव्हतं की तुम्ही रिमवरही ठिपके मारले होते. मी वळून डाव्या चाकाची रिम पुसली. तिथे दोन. मागे उजवीकडे तीन, डावीकडे चार.

मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. बॉनेटकडे तोंड करून, वर्गाकडे तोंड करून उभं राहावं तशी. माझ्या डाव्या हाताला गाडीचं उजवं चाक आलं. फोनवर मी एक म्हणजे पुढचं डावं म्हटलं तेव्हा तुम्ही इथेच उभे असणार. आणि तुमच्या आयुष्यात एवढी एकच वेळ होती जेव्हा समोरच्याचा विचार करून उलटं करायला हवं होतं आणि तुम्ही आपलं सरळ केलंत. की उलट, सवयीने दोनदा उलटं केलंत, ते मला ठरवता येत नाही. घरी हा, शाळेत तो. चारही आकडे नेहमी जवळपास सारखेच असायचे, म्हणून कोणता आकडा कोणत्या चाकाचा, हे कधी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुकानदार म्हणाला, "काय झालं ताई, गाडी वाकडी उभी आहे का?" मी म्हटलं, नाही, सरळ आहे.

म्हणजे टोपी खरं बोलली होती. हवा जात होती, ती वाजली, तिने सांगायचं ते वेळेत सांगितलं. आणि तुम्हीही खरंच बोललात, कारण ज्याला हात लावलात त्याच्यात हवा होतीच. दोघांच्या मध्ये फक्त एक ठिपका चुकला होता. मी खिळा हातात घेऊन परत येताना सगळं पुन्हा लावून पाहत होते, कारण ते माझं कामच आहे. ठिपके बरोबर असते तर पडद्याने पुढचं उजवं दाखवलं असतं. तुम्ही तुमच्याच दारातून उतरून तिथल्या तिथे वाकला असतात, रस्त्याच्या बाजूला, जिथून जीपगाड्या जातात. बॉनेट मध्ये. आईला तुम्ही दिसला नसतात. ती आत बसून वाट पाहत राहिली असती, थोडी चिडलेली, की हे उन्हात किती वेळ लावतात. हे मला गाडी चालवता चालवता दिसलं, आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथे कडुनिंब नव्हता, एका बंद दुकानाची पायरी होती.

आई फाटकातच उभी होती. नव्या टायरांवरून हात फिरवला, नव्या चपला घेतल्यावर फिरवते तसा. मग माझ्या मुठीकडे पाहून विचारलं, "काय निंगालं?"

"खिळा."

तिने तो माझ्या तळहातावरून उचलला, उजेडात धरला. "म्हणजे वाजलं ते खरंच वाजलं."

"खरंच वाजलं."

"कोणत्या चाकात होता?"

बाबा, मी आजपर्यंत कोणत्याही टेबलावर, कोणत्याही साहेबासमोर, चाक न सांगता आकडा सांगितलेला नाही. मी म्हटलं, "पुढच्या."

तिने पुढचं विचारलं नाही. खिळा पदराच्या गाठीत बांधला. गाडीचं दार उघडून पडद्यावरचा रुमाल काढला, त्याने काच पुसली, घडी करून बाजूला ठेवला. "इतके दिवस उगाच बोलली मी याले," ती म्हणाली. "आता चालू करून देजो. मी पाहून चालवीन." मग आत जाता जाता, "पण पाह्य, तरी माह्याच बाजूले आले."

दुपारी मी टोप्यांच्या बॅटऱ्या बदलल्या आणि त्या बरोबर जागी लावल्या. एक डावीकडे. चारही चाकं एकेक करून तपासली, थोडी हवा सोडून, पडद्यावर तोच कोपरा लुकलुकतो ना ते पाहून. तिच्या गाडीत मी चूक राहू देणार नाही. रिमवरचे जुने ठिपके मात्र मी पुसले नाहीत. नव्या ठिपक्यांसाठी आईने दुसऱ्या रंगाची शिशी दिली. आणि आत्ता, दिवस कलल्यावर, मी शेडमध्ये गाडीत बसून हे लिहितेय. थोड्या वेळापूर्वी ती बाहेर आली, माझ्याकडे न पाहता खाली वाकली, फुस्स, फुस्स, आणि टोप्या घेऊन आत गेली. मी हवा जाते म्हणून सांगितलं नाही. पडद्यावर दाब शून्य आहे, चारही कोपऱ्यांत. खाली एकतीस होतं, आता बत्तीस. भिंतीपलीकडे तवा ठेवल्याचा आवाज आला.

नव्या मुलांना कामावर मी पहिल्याच दिवशी सांगते, की हवा जातेय एवढं सांगून भागत नाही, कोणत्या चाकातली ते सांगितलं नाही तर सेन्सर निरुपयोगी. सोमवारी पुन्हा तेच सांगेन, आणि कोणी विचारलं तर अपवाद नाही म्हणेन. तुमच्या गाडीपुरतं मी ते मानत नाही. चौतीस झालं, बाबा. आता फोडणी.